नगरपालिका नसलेल्या नगराचे नागरिकशास्त्र



उलवे हे नाव गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाले आहे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत उपनगरी रेल्वे आली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी रेल्वे थेट उरणपर्यंत पोहोचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. एका पिढीच्या आत खाडीकाठची भातशेती, मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या जागी बहुमजली इमारतींचे नगर उभे राहिले. विकासाचा हा वेग पाहून मन अभिमानाने भरून येणे स्वाभाविक आहे.

या नगरातील महाविद्यालयीन तरुणाला मात्र एक साधा प्रश्न विचारून पाहावा. तुझा नगरसेवक कोण? राज्यशास्त्रात प्रथम वर्गाचे गुण मिळवणारा विद्यार्थीही येथे क्षणभर थबकेल, आणि त्याचे थबकणे योग्यच ठरेल. कारण उलव्याला नगरसेवकच नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा जुनी पनवेल नगरपालिका आणि २९ गावे तिच्यात आली. उलवे नोड त्या हद्दीबाहेर राहिला. या नोडचा भूभाग गव्हाण, वहाळ अशा ग्रामपंचायतींच्या पारंपरिक हद्दींत विखुरलेला, आणि नियोजन सिडकोच्या हाती. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेली सिडको ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी आहे. तिला संचालक मंडळ असते, मतदार नसतात.

म्हणजे वीस मजली इमारतीत राहणारा, लोकलने बेलापूरला आणि तेथून पुढे मुंबईला जाणारा नागरिक कागदोपत्री ग्रामपंचायतीचा रहिवासी असतो. त्याचे रस्ते व गटारे एका शासकीय कंपनीने बांधलेली असतात. आणि या दोहोंपैकी कोणाकडे काय मागायचे हे त्याला बहुधा ठाऊक नसते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायतीचे एक प्रकरण असते, महानगरपालिकेचे दुसरे. उलव्याचे प्रकरण कोणत्याच पुस्तकात नाही.

महाविद्यालयात शिकवला जाणारा शासन आणि नागरी जीवनाचा अभ्यासक्रम हा आजच्या विवेचनाचा विषय. तो विषय उलव्यातच का मांडायचा, याचे उत्तर वरील परिस्थितीत आहे.

शासन ही गोष्ट आपल्याकडे पाठांतराने शिकवली जाते. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, हे विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. राज्यपालांचे अधिकार, विधान परिषदेची रचना, आणीबाणीची कलमे, सारे काही दहा गुणांच्या प्रश्नाच्या मापात बसवलेले. परीक्षा संपली की ते ज्ञानही संपते. मुंबई विद्यापीठाने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी ‘फाउंडेशन कोर्स’ अनिवार्य केला होता. समाजाचे भान यावे, मानवी हक्क, ग्राहक संरक्षण, माहितीचा अधिकार यांची ओळख व्हावी हा त्यामागचा हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्या प्रकल्पांच्या वह्या एकमेकांवरून उतरवल्या गेल्या, हे त्या वर्गांत बसलेल्या कोणालाही विचारले तर हसत हसत कबूल करील.

राष्ट्रीय सेवा योजनेचा अनुभव याहून उजवा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे निवासी शिबिर यांतून हजारो तरुणांनी गाव पहिल्यांदा आतून पाहिले. त्या शिबिरांचे ऋण मोठे आहे. तरीही एक उणीव राहते. शिबिरात बंधारा बांधला जातो, पण त्या बंधाऱ्याला मंजुरी कोणी दिली, पैसा कोणत्या शीर्षाखाली आला, पुढच्या वर्षी त्याची दुरुस्ती कोण करणार, हे प्रश्न शिबिराच्या समारोपाबरोबर गुंडाळले जातात. श्रम करणारा तरुण घडतो. राज्ययंत्रणा समजणारा तरुण तेवढ्याने घडत नाही.

आता परिस्थिती काहीशी बदलते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात जी श्रेयांक-रचना आली, तिच्यात क्षेत्र-प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग प्रकल्प यांना पदवीच्या अभ्यासक्रमात अधिकृत स्थान मिळाले. अशा कामाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले तर दोन श्रेयांकांचे ६० तास विद्यार्थ्याच्या हाती येतात. हे ६० तास कसे खर्च होतात यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. वृक्षारोपणाचे एक छायाचित्र, स्वच्छता फेरीचे दुसरे आणि महाजालावरून उतरवलेला पंधरा पानांचा अहवाल एवढ्यावर ते संपू शकतात. शासनाचा अभ्यासक्रम त्यांना जोडला गेला, तर ते तास एखाद्या वस्तीचे चित्र पालटू शकतात.

उलव्यापुरता विचार केला तर अशा अभ्यासक्रमाचा पहिला पाठ फळ्यावर शिकवण्यासारखा नाही. आठ-आठ विद्यार्थ्यांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच काम द्यावे: आपल्या दारात येणारी प्रत्येक सोय कोणाकडून येते याचा शोध. नळाचे पाणी पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून सिडकोच्या वाहिन्यांमधून येते. वीज महावितरणची. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. सातबाराचा उतारा आणि फेरफार पनवेलच्या तहसील कार्यालयाच्या कक्षेत, त्यांच्यावरचे जिल्हाधिकारी मात्र अलिबागला. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तिचा कारभारही अलिबागहून. लोकल मध्य रेल्वेची. रस्त्यावर धावणारी बस बहुधा नवी मुंबई महानगरपालिकेच्या परिवहन उपक्रमाची, आणि त्या महापालिकेला उलव्याचा माणूस मत देत नाही. खाडीतील कांदळवनांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष.

हा तक्ता भरायला गटाला दोन आठवडे लागतात असे समजू. त्या दोन आठवड्यांत जे शिकून होते ते वर्षभराच्या व्याख्यानांनी होणार नाही. ‘सरकार’ नावाचा एकच कोणी नसतो. अनेक कार्यालये असतात, प्रत्येकाची हद्द वेगळी, कायदा वेगळा, तिजोरी वेगळी. ‘सरकार काही करत नाही’ हे वाक्य त्यानंतर त्या विद्यार्थ्याच्या तोंडून सहजासहजी निघत नाही. तो विचारतो: कोणते कार्यालय, आणि कोणत्या नियमाखाली?

आता दुसरा पाठ. बामणडोंगरी स्थानकातून वस्तीकडे जाणाऱ्या एखाद्या रस्त्यावरचे दिवे महिनोन् महिने बंद आहेत, अशी कल्पना करू. रात्री उशिराच्या गाडीने घरी परतणाऱ्या मुलींना तो रस्ता टाळून जावे लागते. हल्लीच्या सवयीप्रमाणे अशा अंधाराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाचशे जणांना जाईल, त्यावर दोनशे संतप्त प्रतिक्रिया येतील आणि दिवा तसाच बंद राहील. अभ्यासक्रमातील गटाने वेगळ्या वाटेने जायचे आहे. आधी खांब मोजायचे, त्यांवरील क्रमांक टिपायचे, बंद दिवे किती व कोणत्या तारखेपासून, हे तीन रात्री स्वतः फिरून नोंदवायचे. मग खांब कोणाचे आणि वीजजोडणी कोणाची हे ठरवायचे, कारण वायर तुटली असेल तर एक कार्यालय, देयक थकले असेल तर दुसरे, आणि झाडाच्या फांद्यांनी प्रकाश अडवला असेल तर तिसरेच. त्यानंतर एक पानाचे पत्र. पत्राची पोच घ्यायची. पोचेवर तारीख आणि आवक क्रमांक आहे का ते पाहायचे. कार्यालयात गेलेल्या कित्येक पदवीधरांना आवक क्रमांक मागायचे सुचत नाही, ही शिक्षणाची केवढी शोकांतिका!

उत्तर आले नाही तर पुढचे पाऊल. माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ सालीच केला होता. केंद्राचा कायदा २००५ साली आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि राज्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही सुमारे दीडशे शब्दांत. या दीडशे शब्दांच्या मर्यादेवर त्या वेळी टीका झाली होती आणि तिच्यात तथ्य होते. पण शिक्षकाच्या दृष्टीने ती मर्यादा वरदान आहे. ‘आपल्या कार्यालयाने दिव्यांबाबत काय केले?’ असा अर्ज व्यर्थ जातो. ‘अमुक क्रमांकाच्या खांबांच्या देखभालीचा ठेका कोणाला, किती रकमेचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत’ असा अर्ज केला की उत्तर द्यावेच लागते. नेमका प्रश्न विचारणे हे अर्धे नागरिकत्व आहे. राज्य शासनाने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याचा निर्णय घेतला होता. ही सोय किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

तिसरे दार ग्रामसभेचे. इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांना ग्रामसभा म्हणजे चित्रपटातील पिंपळाचा पार वाटतो. पण ग्रामपंचायतीच्या हद्दीतील मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण कायद्याने ग्रामसभेचा सदस्य आहे, मग तो कौलारू घरात राहो वा अठराव्या मजल्यावर. लोकसभेत आपला प्रतिनिधी बसतो. ग्रामसभेत आपण स्वतः बसतो. एवढा थेट अधिकार मुंबईच्या मलबार हिलवरील नागरिकालाही नाही. आणि तरीही गणपूर्तीसाठी लागणारी उपस्थिती, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती संख्या, जमवता जमवता अनेक गावांत सभा तहकूब होते.

येथे एक अडचण पुढे येते. उलव्यात घर घेतलेल्या पुष्कळांची नावे मतदार यादीत येथे नसतात. ती राहतात घाटकोपरला, साताऱ्याला, रत्नागिरीला. शरीराने येथे, मताने तेथे. अशा माणसाला ग्रामसभेत आवाज नाही. तेव्हा गटाचे एक काम आपोआप ठरते: नव्या मतदारासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, आणि आपापल्या सोसायटीत दारोदार जाऊन ते भरून घेणे. आता वर्षातून चार अर्हता दिनांक असतात, सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. आणि गंमत अशी की ज्या तरुणाला देशाचे सरकार निवडण्याचा हक्क आपण दिला, त्याला महाराष्ट्रात आपल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याची संधी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मिळेनाशी झाली. हिंसाचार, पैसा, गुंडगिरी ही कारणे खरी होती. २०१६ च्या कायद्यात तरतूद झाली, २०१९ मध्ये निवडणुकांची घोषणाही झाली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. पोहता येत नाही म्हणून पाण्यात उतरू द्यायचे नाही, असा हा प्रकार.

सांघिक कार्याचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडला पाहिजे, कारण अभ्यासक्रमाचा खरा कस तेथे लागतो.

उलव्यातील आठ विद्यार्थ्यांचा गट डोळ्यांसमोर आणावा. त्यात एक-दोन आगरी वा कोळी कुटुंबांतील मुले असतील, ज्यांच्या आजोबांनी या जमिनीवर भात पिकवला. उरलेली नव्या इमारतींतील. कोणाचे घर मूळचे घाटावरचे, कोणाचे कोकणातले, कोणी परप्रांतातून आलेले. उलवे हे मूळ गावच विमानतळाच्या जागेत गेले. वरचे ओवळे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली यांसारख्या वस्त्यांबरोबर तेथील घरे, देवळे, अंगणे हलली. उलव्याचा डोंगर कापला गेला, नदीचा प्रवाह वळवला गेला. साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचे पॅकेज मिळाले, पण गावदेवीची जत्रा जेथे भरत होती तेथे आता धावपट्टी आहे, हे त्या मुलाच्या मनात असते. इमारतीतील मुलाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यासाठी उलवे २०१८ साली सुरू झाले.

या दोघांना व्याख्यान देऊन जवळ आणता येत नाही. एकत्र काम दिले की अंतर कमी होते. गावातल्या मुलाला सरपंच कोण, ग्रामसेवक कोणत्या वारी भेटतात, कोणता शब्द वापरला की वडीलधारी मंडळी दुखावतात, हे ठाऊक असते. इमारतीतील मुलीला नकाशा वाचता येतो, संगणकावर तक्ता करता येतो, इंग्रजी परिपत्रकाचा अर्थ लावता येतो. दिव्याच्या खांबासाठी दोघे एकमेकांवर अवलंबून राहतात. समरसता हा शब्द आपल्या बैठकांतून पुष्कळदा उच्चारला जातो. तिचे प्रात्यक्षिक अशा कामात घडते, आणि तेही कोणी नाव न घेता.

अर्थात भांडणेही होतात. आठांतील दोघे राबतात, तिघे हजेरी लावतात, दोघे अदृश्य होतात, आणि एक जण सादरीकरणाच्या दिवशी सर्वात पुढे उभा राहतो. ज्याने कोणतेही संघटनात्मक काम केले आहे त्याला हे चित्र अपरिचित नाही. शिक्षक येथे दोन चुका करतात. काही जण सर्वांना सारखे गुण देतात, त्यामुळे राबणारा निराश होतो. काही जण सगळे गुण वैयक्तिक ठेवतात, त्यामुळे गट नावालाच उरतो. अर्धे गुण गटाच्या कामाला आणि अर्धे प्रत्येकाच्या रोजनिशीला द्यावेत, ही वाट अधिक न्याय्य आहे. रोजनिशीत तारीख, वेळ, कोणाला भेटलो, काय बोलणे झाले, पुढे काय ठरले, एवढेच लिहायचे. आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक, वेळेवर सुरू होणारी, वेळेवर संपणारी, मागच्या निर्णयांचे वृत्त आधी आणि नवे विषय नंतर. बैठकीची ही साधी शिस्त कार्यकर्त्याच्या घरातील मुलाला सहज वाटेल, पण महाविद्यालयांतून ती कोणी शिकवत नाही. प्रमुखपद दर महिन्याला बदलावे. जो उत्तम बोलतो त्याला एक महिना इतिवृत्त लिहायला बसवावे; जी गप्प बसते तिला अधिकाऱ्यासमोर विषय मांडायला पाठवावे. पहिल्या भेटीत तिचा आवाज कापेल. चौथ्या भेटीत अधिकारी तिला नावाने ओळखेल.

जगात अन्यत्र असे प्रयोग झाले आहेत. कॅलिफोर्नियातील सेंटर फॉर सिव्हिक एज्युकेशन या संस्थेचा ‘प्रोजेक्ट सिटिझन’ हा उपक्रम प्रसिद्ध आहे. त्यात वर्गाचे चार गट होतात: एक समस्या समजावून देतो, दुसरा उपलब्ध पर्याय तपासतो, तिसरा वर्गाचे धोरण मांडतो, चौथा ते अमलात आणण्याची योजना करतो. रचना चांगली आहे. पण अमेरिकन शाळेच्या बाहेर निवडून आलेले नगरमंडळ असते आणि त्याच्या सभेत विद्यार्थ्यांना जाता येते. उलव्याच्या विद्यार्थ्यासमोर आधी ते सभागृह कोठे आहे हाच प्रश्न. म्हणून परकीय नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

आपल्या परंपरेत उदाहरणे कमी नाहीत. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेवर निवडून गेले होते. नामदार गोखल्यांनी त्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले. सरदार वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबादच्या नगरपालिकेत गेले, १९२४ मध्ये अध्यक्ष झाले. संस्थानांचे विलीनीकरण करणाऱ्या लोहपुरुषाने आधी गटारे, पाणी आणि नगररचना यांचे कागद हाताळले होते. आपल्याच भागातील पनवेल नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे पहिल्या स्वातंत्र्यसमराच्याही पाच वर्षे आधीची. इतकी जुनी नागरी परंपरा हाकेच्या अंतरावर असताना उलव्याच्या तरुणाला तिचा गंध नसावा हे बरे नव्हे.

कै. रामभाऊ म्हाळगी यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. आमदार आणि पुढे ठाण्याचे खासदार म्हणून त्यांनी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा प्रघात पाडला. लोकप्रतिनिधीने हिशेब द्यायचा असतो, ही कल्पना त्या काळात नवीनच होती. त्यांच्या नावाने १९८२ साली सुरू झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने २०१७ पासून भाईंदरजवळच्या उत्तन येथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ डेमोक्रॅटिक लीडरशिप ही संस्था चालवली. नेतृत्व, राजकारण आणि शासन या विषयांचा नऊ महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ती देते. पुण्यातही २००५ साली एमआयटीचे स्कूल ऑफ गव्हर्नमेंट सुरू झाले. राजकारण ही शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट आहे, हे या संस्थांनी प्रस्थापित केले. परंतु त्या पदव्युत्तर आहेत आणि निवडक तरुणांसाठी आहेत. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयात किंवा पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयात रोज लोकलने आणि बसने जाणाऱ्या साध्या विद्यार्थ्यापर्यंत तो विचार दोन श्रेयांकांच्या रूपाने पोहोचायला हवा. ही दोन्ही महाविद्यालये रयत शिक्षण संस्थेची आहेत, आणि कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’चा वारसा सांगणाऱ्या संस्थेला हाताने शिकण्याचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही.

या परिसराचा संघर्षाचा इतिहासही वर्गात आला पाहिजे. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह येथून दूर नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. दि. बा. शेतकरी कामगार पक्षाचे. विचारांनी वेगळ्या वाटेचे. परंतु भूमिपुत्रांची बाजू त्यांनी कागदाच्या पुराव्यासह आणि रस्त्यावरच्या संघटनेसह एकाच वेळी लढवली, हे कोणत्याही विचाराच्या कार्यकर्त्याने अभ्यासण्यासारखे आहे. जून २०२१ मध्ये विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून येथे मानवी साखळी झाली, सिडको भवनाला घेराव झाला; ऑगस्ट २०२२ मध्ये विधिमंडळाने त्या नावाचा ठराव केला. आंदोलन, शिष्टमंडळ, ठराव, केंद्राकडे शिफारस ही साखळी कशी चालते याचे याहून जवळचे उदाहरण विद्यार्थ्याला कोठे मिळणार?

एक सावधगिरी मात्र हवी. अशा अभ्यासक्रमाला कोणत्याही पक्षाची भरती-शाळा होऊ देता कामा नये, आपल्या विचाराच्या माणसांनीही नाही. गटाने पत्र द्यायचे ते कार्यालयाला. पुढाऱ्याच्या हस्ते नव्हे. दिवा लागला की श्रेयाचा फलक लावण्यासाठी तीन-चार पक्षांचे कार्यकर्ते धावत येतील, त्या दिवशी विद्यार्थ्यांनी तेथून शांतपणे बाजूला होणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आधी कारभार समजू द्यावा. बाजू तो पुढे आपली आपण निवडील.

आणखी एक वास्तव लपवण्यात अर्थ नाही. पुष्कळदा काम होणार नाही. साठ तास संपतील आणि दिवे बंदच राहतील. माहिती अधिकारातील पहिले अपील, मग दुसरे अपील, यांचा काळ सत्राच्या वेळापत्रकात बसत नाही. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, पनवेलची २०२२ मध्ये. त्यानंतर कित्येक वर्षे तेथे प्रशासकच कारभार पाहत होते. जेथे निवडून दिलेले नगरसेवक होते तेथेही नागरिकाला एवढी प्रतीक्षा करावी लागली. मग उलव्याची गोष्ट काय सांगावी? सिडकोने १९७० पासून वसवलेल्या नगरांपैकी वाशी-बेलापूरला महापालिका मिळाली १९९२ साली आणि पहिली निवडणूक झाली १९९५ साली. तेवढा काळ तेथील माणसांनी सोसायट्यांच्या महासंघांतून आणि निवेदनांतून आपला आवाज जिवंत ठेवला. उलव्यालाही आज ना उद्या आपले सभागृह मिळेल. त्या दिवशी त्यात बसायला कोण तयार असेल, भूखंडांचे व्यवहार करणारा की खांब मोजलेली मुलगी, याचा निर्णय त्याआधीच्या वर्षांत होत असतो.

म्हणून काम अपुरे राहिले तरी गुण कापू नयेत. कागद अपुरा राहिला तर अवश्य कापावेत. प्रत्येक गटाने सत्राच्या शेवटी एक फाइल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी: खांबांची यादी, पत्रांच्या पोचा, मिळालेली आणि न मिळालेली उत्तरे, भेटलेल्या अधिकाऱ्यांची पदनामे, आणि पुढचे अपील कोणत्या तारखेपर्यंत करता येईल याची नोंद. जूनमध्ये येणाऱ्या नव्या गटाला नवा विषय निवडण्याआधी ती फाइल वाचायला द्यावी. प्राध्यापकांनी एवढेच पाहावे की पहिल्या बैठकीचे इतिवृत्त मागच्या फाइलच्या शेवटच्या पानानंतर, त्याच क्रमांकाने पुढे सुरू झाले आहे.